वळण

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात एक चमत्कारिक भांडण सुरू होते. भांडणाचे कारण केरसुणी. जळमटे काढणे, माळ्यावरची भांडी उतरवणे, फरशी धुणे हे सारे बायकोला एकटीने करायचे असते, कारण माझे झाडणे तिला पसंत नाही. आणि माझा हात तर केरसुणी दिसली की स्वस्थ राहत नाही. "तुमी आपले कागद झाडा, घर मी पाहाते," असे ती म्हणते. कागद झाडणे म्हणजे माझे कादंबरी लिहिणे. माझ्या लेखनाविषयी इतके नेमके मत अमरावतीतल्या एकाही टीकाकाराने आजवर दिलेले नाही.

वयाची वीस वर्षे पुरी होईपर्यंत मी केरसुणीला हात लावलेला नव्हता, हे सांगितले तर आज माझे विद्यार्थी हसतील. मूर्तिजापूर तालुक्यातले आमचे गाव, घर कुणब्याचे. बाप वखर हाकी, पऱ्हाटीला पाणी देई, शेणाची पाटी डोक्यावरून उकिरड्यावर नेई. पण अंगण झाडताना मी त्याला कधी पाहिले नाही. पुरुषाच्या हातात केरसुणी दिसली तर शेजारी विचारायचे, घरची बाई कुठे गेली? त्यातून मी मॅट्रिक झालेला. पुढचे शिक्षण काही जमले नाही, पण तेवढ्या कागदावर मी गावात ताठ मानेने फिरत असे. तो ताठ माणूस आणि आज केरसुणीवरून बायकोशी भांडणारा मी, हे दोघे एकच का, असा प्रश्न मला कधीकधी पडतो. मध्ये काही कुणी मला उपदेश केला नव्हता. केला असता तर मी ऐकला नसता.

मी शाळेत अक्षर शिकवतो. पदवीवाले सर गणित-इंग्रजी पाहतात. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याकडे सुलेखन आणि हस्तव्यवसाय. त्यात मला कमीपणा वाटत नाही. खालच्या वर्गातल्या प्रत्येक पोराचा हात एकदा तरी माझ्या हातातून जातो. शाळेबाहेरच्या लोकांची अशी समजूत असते, की पोराला आधी 'अ' समजतो आणि मग ते तो लिहिते. तसे घडत नाही. आधी मी त्याची बोटे मुठीत धरतो, पाटीवर फिरवतो. मग ते एकटे गिरवते. वाकडे, तिकडे, ओळीच्या खाली. पन्नास-साठ वेळा गिरवून झाले की एके सकाळी पोर मान वर करते आणि असे पाहते, की हा 'अ' जणू त्यानेच शोधून काढला. हाताला आधी येते, मग डोक्याला. आपल्या भाषेत याला मोठा नामी शब्द आहे. अक्षराला वळण असते, रस्त्याला वळण असते आणि माणसालाही वळण असते.

कादंबरीतही हेच मला फार उशिरा उमगले. पहिल्या कादंबरीत मी नायकाच्या स्वभावाचे चार पाने वर्णन केले आणि तो गडी पुढच्या दोनशे पानांत जागचा हलला नाही. दुसरीत आल्या आल्याच त्याला विहिरीवर पाणी शेंदायला लावले, तेव्हा कुठे तो बोलू लागला. असो. ती कादंबरीही फारशी खपली नाही.

पण एखादी गोष्ट एकदा केली की वळण पडते, असेही नाही. अकोल्याच्या कावडीची गोष्ट सांगतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींनी आणून राजराजेश्वराला घालायचे, हा अकोल्याचा मोठा सोहळा. अंतर सुमारे अठरा किलोमीटर. मॅट्रिक झाले त्याच वर्षी अकोल्याच्या मामेभावाने मला त्यात ओढले. रात्रभर अनवाणी चाललो. कावडीचा दांडा खांद्यावर आला आणि पहिल्या शंभर पावलांत मला कळले, की आपले पाऊल आपल्या मनाने टाकायचे नाही. पुढच्याचे पडले की आपले. चुकले की घागरी डचमळतात आणि मागचा शिवी देतो. पहाटेपर्यंत मी, माझे नाव, माझे मार्क, सारे विसरलो होतो. खांद्याला फोड आला होता आणि त्याचा अभिमान वाटत होता. कोण कुणाच्या खांद्याला खांदा लावून चालला हे कुणी विचारले नाही. पण दुसऱ्या दिवशी गावी परतलो, फोड बसला, आणि मी होतो तसाच राहिलो. नाल्यापलीकडच्या वस्तीतला जो मुलगा कदाचित माझ्याच कावडीखाली असेल, त्याच्याशी मी सोमवारनंतर एक शब्दही बोललो नाही. एका रात्रीने माणूस हेलावतो, हे खरे. वळायला रोजचे काहीतरी लागते.

ते रोजचे माझ्या वाट्याला आले २००१ साली. सरकारने संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले होते. त्या वेळचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी ते फार नेटाने चालवले. स्वच्छ गावाला बक्षीस; तालुक्याला, जिल्ह्याला, विभागाला आणि राज्याला. तपासणी समिती येणार म्हणून गाव अंग झटकून उठले. भिंतींवर घोषणा रंगवायला बऱ्या अक्षराचा माणूस हवा होता. ग्रामसेवक माझ्याकडे आले. मी गेरू आणि चुना घेऊन चावडीपासून सुरुवात केली. गाव झाडत होते आणि मी स्वच्छतेवर लिहीत होतो. हे काम मला मनापासून आवडले, कारण त्यात वाकावे लागत नव्हते.

पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी भजनी मंडळातले एक म्हातारे माझ्या मागे येऊन उभे राहिले. गुरुदेव सेवा मंडळाचे जुने सेवक. गाव त्यांना आबाजी म्हणे. अभियान येण्याच्या तीस वर्षे आधीपासून ते पहाटे मारुतीपुढचा रस्ता झाडत, आणि गाव त्यांना थोडे खुळेच समजे. ओळ पुरी होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "अक्षर झ्याक आहे तुयं, बापू. लिवनं झालं असन तं आता हे धर." आणि त्यांनी खराटा माझ्या हातात दिला. चार लोक पाहत होते. खराटा टाकून देणे आणि धरणे, दोन्ही लाजेचे होते. म्हाताऱ्याला नाही म्हणण्याची लाज जास्त वाटली, म्हणून मी तो धरला. माझ्या सगळ्या परिवर्तनाच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे. तत्त्व वगैरे काही नव्हते.

मग मात्र रोज झाले. पहाटे पाचला आबाजींच्या काठीचा आवाज दाराशी यायचा. पहिला आठवडा कंबर धरली आणि चीड आली. दुसऱ्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट घडली. मी झाडलेल्या रस्त्यावर एका पोराने केळीचे साल टाकले आणि मला राग आला. रस्ता सरकारचा, साल त्याचे. माझा काय संबंध? पण मला आपल्या ओट्यावर थुंकल्यासारखे वाटले. वीस वर्षे त्या गावात राहिलो आणि गाव माझे आहे हे मला त्या सालाने सांगितले.

गाडगेबाबांच्या चरित्रांत त्यांच्या कामाचा क्रम सांगितलेला असतो. वऱ्हाडातले म्हातारे तो तोंडपाठ सांगत. बाबा आमच्याच मुलखातले. जन्म १८७६ सालचा, शेंडगावचा. वाढले ते मामांकडे, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. तिथे त्यांनी गुरे राखली, शेती केली. १९०५ साली घर सोडले, ते डोक्यावर गाडगे आणि हातात खराटा घेऊन. गावात शिरले की दिवसा रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. लोक आधी बघत राहत. मग एखाद्याला लाज वाटे, तो खराटा घेई, मग दुसरा. रात्री जो समाज कीर्तनाला बसे तो सकाळचा नसे. त्याच्या पाठीला घाम आलेला असे. कीर्तनातही बाबा नुसते सांगत नसत. प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडून मोठ्याने उत्तर वदवून घेत. न उमगता दिलेले उत्तरसुद्धा एकदा स्वतःच्या तोंडून मोठ्याने निघाले, की घरी जाताना सोबत येते. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण आधी हात आणि मग डोके, ही शिकवण्याची रीत आम्हां मास्तरांपेक्षा त्यांना अधिक कळली होती.

ऋण घ्यायचे तर तुकडोजी महाराजांचेही घेतले पाहिजे. आबाजी त्यांचेच. १९३५ साली महाराजांनी अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज उभारले, आणि प्रार्थना ही एकट्याने देवघरात करण्याची गोष्ट नव्हे, गावाने एका वेळी एका ओळीत बसून करण्याची गोष्ट आहे, असे धरून सामुदायिक प्रार्थनेचा पाठ घालून दिला. अभियानाच्या दिवसांत संध्याकाळी आम्ही त्या प्रार्थनेला बसू लागलो. मला देवाविषयी फार काही वाटत नव्हते, आजही वाटत नाही. पण एकाच वेळी, एकाच सुरात, शेजारच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे म्हणजे शेजारी कोण बसणार हे आपल्या हाती राहत नाही. जो आधी आला तो पुढे. माझ्या शेजारी नाल्यापलीकडचा तोच मुलगा येऊन बसला. तिसऱ्या दिवशी मी त्याला त्याचे नाव विचारले. गाव हजार-बाराशे वस्तीचे आणि वय वीस!

त्याच्यामुळेच पुढचा प्रसंग घडला. अलीकडचा भाग झाडून झाला होता. समिती नाल्यापलीकडेही येणार म्हणून आमची तुकडी तिकडे गेली. दुपार झाली. त्या मुलाच्या दारात त्याच्या आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. माझ्या मायचा नियम काय होता हे सांगण्याची जरुरी नाही. असे नियम कुणी शिकवत नाही, ते हाताला लागतात. माझा हात किंचित मागे आला. बुढीने ते पाहिले. माझ्या डोक्यात त्या क्षणी समता वगैरे बरेच काही होते, पण हात मागे आला. मग मी तांब्या घेतला आणि पाणी प्यालो. घरी सांगितले नाही.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा विडी ओढत बसला होता. सारी उमर शहरात झाडूकामात घालवून गावी परतलेला. त्याने आमचे खराटे पाहिले आणि तो हसला. "बाबू," तो म्हणाला, "तुमी पंधरा दिस झाडलं तं तुमचा फोटू निंगन. म्या तीस वर्सं झाडलं, मले कोनी नाव बी नाही पुसलं. तुमाले हा खराटा मोठा करून राह्यला. आमाले त्यानं आहे तिथंच ठेवलं."

मी उत्तर दिले नाही. आबाजीही काही बोलले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले आणि मग त्याच्याच ओट्यावर, त्याच्या शेजारी जाऊन बसले.

त्या म्हाताऱ्याचे बोलणे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातून गेलेले नाही. हाताने केलेले माणसाला घडवते, हे मी स्वतःवरून सांगतो आहे. पण मग ज्याला ते काम जन्माने लावून दिले त्याला काय घडवते? मी खराटा धरला तो लाजेने का होईना, पण टाकूनही देऊ शकलो असतो. त्याला टाकून देण्याची मुभा नव्हती. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत परिषद भरली, तिला बाबासाहेब आंबेडकर आले होते. महाडच्या तळ्याचे वर्षही तेच. त्यानंतरच्या काळात बाबासाहेबांच्या सांगण्यावरून गावोगाव लोकांनी मेलेली गुरे ओढणे सोडले. गावाने बहिष्कार घातला, काम बंद केले, तरी सोडले. न करणे हेही करण्यासारखेच असते, आणि एकट्याने नव्हे तर सगळ्या वस्तीने मिळून न करणे तर फारच मोठे. त्या नकारातून उठलेला माणूस आणि बाबांचा खराटा घेऊन वाकलेला माणूस, हे दोघे मला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. ज्याने आजवर वाकायचे नाही असा नेम होता त्याने वाकावे, आणि ज्याला वाकवूनच ठेवले त्याने उभे राहावे. बाबांना हे कळत होते असे मी मानतो. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली, म्हणजे खराट्याने बांधलेले घर पुस्तकाच्या स्वाधीन केले. दोघे गेलेही एकाच महिन्यात. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब, आणि २० डिसेंबरला बाबा, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी.

आमच्या गावाला बक्षीस मिळाले नाही. दोन-तीन महिन्यांत गोदरीचा रस्ता पुन्हा पहिल्यासारखा झाला, आणि माझ्या सुंदर अक्षरांवर लोकांनी गोवऱ्या थापल्या. आबाजी झाडत राहिले, मी अमरावतीला नोकरीस येईपर्यंत त्यांच्याबरोबर झाडत राहिलो, आणखी चार-पाच जण राहिले. एवढेच. ज्या दिवशी अभियान आटोपले त्या दिवशी ज्यांचे झाडणेही आटोपले, त्यांच्यात आणि आमच्यात फरक काय होता हे मला सांगता येत नाही. आम्ही काही जास्त भले नव्हतो.

आबाजी गेले त्या वर्षी मी भजनी मंडळाबरोबर मोझरीला गेलो होतो. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पुण्यतिथी आश्विनात, दिवाळीच्या तोंडाशी पडते. दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मौन असते. लाखाच्या घरातला तो समुदाय, खंजिऱ्या, पोरांचे रडणे, पाववड्याच्या गाड्या; आणि एका क्षणात सगळे थांबते. जो जिथे असेल तिथे उभा. मी आबाजींसाठी आलो होतो, महाराजांसाठी नव्हे. पण त्या शांततेत आपण कुणासाठी आलो हे वेगळे काढता येईना.

इथेच थांबलो असतो तर माझी गोष्ट फार शोभिवंत झाली असती. पण एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायला मी दोन दिवाळी अंक टाळाटाळ केली आहे.

चार वर्षांपूर्वी तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. शनिवारी शेवटच्या तासाला वर्ग झाडायचा. एक मुलगी फार छान झाडायची; कोपऱ्यातला केर न विसरता, धूळ न उडवता. मी तिला शाबासकी द्यायचो. इतर पोरे तोवर सुलेखन करत. एका शनिवारी ती केरसुणी घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, मले आज लिवू द्या ना."

मी वही उघडून पाहिली. सहा शनिवार तिची सुलेखनाची पाने कोरी होती. तिची आई झाडूकाम करते, हे मला माहीत होते. पण केरसुणी तिला देताना मी तसे मनात आणले नव्हते. हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि त्या शपथेला काडीची किंमत नाही. मनात आणावेच लागले नाही. वर्गात बेचाळीस पोरे, आणि माझा हात सहाही वेळा बरोबर तिच्याकडेच गेला. बुढीच्या दारात मागे आलेला तोच हात. मधल्या इतक्या पहाटा, इतके रस्ते, इतक्या प्रार्थना. तो आपला जुना कित्ता गिरवतच होता, फक्त मला दिसत नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. सोमवारी मी पुठ्ठ्यावर पाळीपत्रक केले. सर्वांची नावे, मुलगे-मुली, हजेरीच्या क्रमाने, शेवटी माझे. दुसऱ्याच आठवड्यात एक पालक आले. मोटारसायकल फाटकात तशीच चालू ठेवून म्हणाले, "सर, आमी पोट्ट्याले शिकाले पाठवतो, झाडाले नाही." वीस वर्षांपूर्वी माझी माय हेच म्हणाली असती. मी म्हटले, हे शिकणेच आहे. ते म्हणाले, "मंग आंधी तुमी शिका." रागाने म्हणाले, पण बोलले बरोबर. त्यांचा मुलगा झाडू लागला; दुसऱ्या एकाला मात्र घरच्यांनी पुढच्या वर्षी शाळेतून काढून नेले. मुख्याध्यापक माझ्यावर काही महिने नाराज होते. पाळीपत्रक टिकले. तिच्या आईच्या मजुरीत त्याने एक रुपया वाढला नाही, हेही लिहून ठेवतो.

गेल्या आठवड्यात दिवाळीच्या सुटीआधीची शाळेची सफाई होती. ती मुलगी आता सातवीत आहे. पाळीपत्रकाचे काम तिने आपण होऊन घेतले आहे. दरवर्षी नवा पुठ्ठा करते आणि नावे स्वतः लिहिते. अक्षर चांगले आहे, फक्त 'ळ'ची गाठ अजून जमत नाही. खडू हातात घेऊन ती फळ्यापाशी उभी होती आणि एकेक नाव पुकारत होती. शेवटी म्हणाली, "सर, व्हरांडा तुमचा."

मी खराटा घेतला. आदल्या रात्री अवकाळी पडला होता. व्हरांड्यात ओला पाला चिकटून बसला होता. मी जोर लावत होतो आणि पाला फरशीवर फक्त पसरत होता. मुलीला न्यायला आलेली तिची आई फाटकाशी उभी राहून हे पाहत होती. थोडा वेळ तिने सोसले. मग चपला काढून व्हरांड्यात आली.

"तसं नाही जी, सर," ती म्हणाली. "वल्ला कचरा दाबल्यानं नाही निंगत." कोपऱ्यातला दुसरा खराटा तिने उचलला, आडवा धरला आणि मनगट हलकेच बाहेर वळवले. पाला एका रेषेत सुटून आला. "असं. आता तुमी करा."

मी केले. जमले नाही. तिने पुन्हा दाखवले, या वेळी जरा सावकाश.